पाहुण्यांची गणितं

आमच्या शाळेत गणित शिकवणारं यंत्र आलं त्या दिवशी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि वानखडे बाईंच्या हातातला खडू काढून घेतला. तिन्ही कामं मुख्याध्यापक खोडके सरांनी जातीनं केली, आणि टाळ्या वाजवायला आम्हाला उन्हात उभं केलं होतं. खडूचं मी बनवून सांगत नाही. सरांनी खरोखरच मंचावर बाईंकडून खडू मागून घेतला, तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि म्हणाले, "आजपासून याची गरज संपली. वानखडे मॅडम आता शिक्षिका नाहीत, मार्गदर्शिका आहेत." बाई तेवीस वर्षं दहावीला गणित शिकवत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि खाली येऊन आमच्या रांगेशेजारी उभ्या राहिल्या. खोडके सरांचा स्वतःचा विषय नागरिकशास्त्र. त्यात सुधारणा करायला कुणी यंत्र पाठवलं नाही, म्हणून ते सुखी होते.

यंत्र म्हणजे पाटीएवढा टॅब, रबरी निळ्या आवरणातला, प्रत्येक मुलीला एक. चालू केला की आतून एक बाई बोलायची. "चला तर मग, सुजाता! आज आपण काय बरं शिकूया?" आम्ही तिला टॅबवाली ताई म्हणायचो. इतकं गोड आमच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं, आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस मला ते आवडलंही. अमरावतीत प्रेमानं बोलणारा माणूससुद्धा भांडल्यासारखा बोलतो. ही तर गणित चुकलं तरी "हरकत नाही" म्हणायची. मग लक्षात आलं की हिला कशाचीच हरकत नाही. तिची गणितं पिझ्झाच्या तुकड्यांची, पोहण्याच्या तलावाची आणि मेट्रोच्या दोन स्टेशनांमधल्या अंतराची. आमच्या वर्गात पिझ्झा दोघींनी खाल्लेला, आणि त्यातल्या एकीला तो बाधला होता.

तिची खरी करामत वेगळी होती. ती म्हणे मुलीचा वकूब ओळखते. गणित बरोबर आलं की पुढचं थोडं अवघड, चुकलं की थोडं सोपं, फारच चुकलं की एक इयत्ता खाली, मग आणखी एक. पट्टीसारखा एक रंग असायचा प्रत्येकीच्या नावापुढे: हिरवा, पिवळा, लाल. "वर्गात पन्नास मुली, पन्नास वेगवेगळे शिक्षक!" असं सर प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पन्नास मुली कानाला वायर लावून मान खाली घालून बसलेल्या, आणि पन्नासावर एक असलेली खरी शिक्षिका खिडकीशी उभी राहून हजेरीवर सही करते आहे, असा तो वर्ग होता. बाईंना फक्त रंग दिसत. आत कोण काय सोडवतंय ते बघायचा हक्क मुख्याध्यापकांच्या लॉगिनला होता. कुणी हात वर केला तर बाई येऊन हळूच वहीच्या पाठीमागच्या पानावर पेन्सिलीनं समजावून जात, ते पकडलं गेलं तर सर म्हणत, "मॅडम, मशीनला तिचं काम करू द्या."

घरी आमच्या एक वेगळीच मशीन चालायची. आई साड्यांना फॉल-पिको लावायची. सकाळी मला जाग यायची ती त्या मशीनच्या खडखडाटानं आणि ती थांबली की समजायचं, आता चुलीवर—म्हणजे गॅसवर, पण आई गॅसलाही चूलच म्हणायची—भाकर पडली. बाबा एस.टी.वर ड्रायव्हर. एक दिवस घरी, एक दिवस कुठल्या तरी डेपोत मुक्काम. ते घरी असले की कढीगोळे व्हायचे, नसले की आई आणि मी रात्रीच्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकून त्यावर कच्चं तेल ओतून खायचो, कांदा फोडून. अजूनही मला ते कुणी दिलं तर मी चार माणसांत बसून हातानं खाते आणि लोक बघतात. आईचं शिक्षण सातवी, पण साडीचा काठ बघून सव्वापाच की साडेपाच मीटर ते ती दोरा ओवता ओवता सांगायची. तिच्यासमोर बसून मी गणितं सोडवायची आणि ती मध्येच पाय थांबवून विचारायची, "आलं का बरोबर?" मी हो म्हटलं की पाय पुन्हा सुरू.

आमच्या संस्थेचं अकोल्याला कॉलेज होतं, वसतिगृहासकट. दरवर्षी आमच्या शाळेतल्या पाच मुली दहावीनंतर तिथं घेत. राहणं, जेवण, शिकवणी सगळं संस्थेकडून. अकोला म्हणजे तेव्हा आमच्याकडे डॉक्टर-इंजिनिअर बनवायचा कारखाना, आजही असेल. त्या पाचांत जायचं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती इच्छा मी सहावीपासून बाळगून होते. आधी या पाच मुली वानखडे बाई निवडायच्या. एक दिवस न सांगता यायच्या, फळ्यावर दहा गणितं लिहायच्या आणि दाराला कडी लावून तीन तास बसायच्या. त्या वर्षी सरांनी जाहीर केलं की निवड यंत्र करील. "माणूस पक्षपात करतो, मशीन करत नाही." हे म्हणताना ते बाईंकडे बघत होते.

दिवाळीपर्यंत मी लाल झाले.

कशी झाले ते मला कळेना. सोमवारी टॅब उघडला की ताई मला तीन आंब्यांत दोन आंबे मिळवायला सांगायची. मी, दहावीची मुलगी, वर्गसमीकरणं आईच्या मशीनच्या तालावर सोडवणारी, मुकाट आंबे मिळवायची. "अरे वा, सुजाता! तू खूप छान प्रगती करते आहेस." आठवडाभर रांगत रांगत मी तिसरीतून पाचवीत, पाचवीतून सातवीत यायची. एखाद्या शुक्रवारी आठवीचं एखादं गणित दिसायचं आणि जिवात जीव यायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा आंबे. शेजारी बसणारी मंगला, जिला मी शाळेच्या पायरीवर बसून अपूर्णांकांची बेरीज शिकवली होती, ती हिरवी झाली. मी रडायची नाही, पण टॅबची काच वाकडी करून धरायची, म्हणजे तिला माझे आंबे दिसू नयेत. सगळ्यात लाज वाटते ती याची, की मला एकदाही वाटलं नाही यंत्र चुकत असेल. मला वाटलं, इतकी वर्षं मलाच आपण हुशार असल्याचा भ्रम होता, आता कुणीतरी खरं सांगितलं.

पालकसभेत सरांनी आईला पडद्यावर माझी लाल पट्टी दाखवली. "तुमच्या मुलीची गणिताची पातळी इयत्ता तिसरी आहे, ताई. घरी लक्ष द्या." चाळीस पालक होते. आई उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली. राजकमल चौकाच्या पुढे आल्यावर गिला वडा घेतला, तो तसाच माझ्यापुढे सरकवला.

"मशीनले काय तुह्याशी वैर हाये?" ती म्हणाली.

"नाही."

"मंग ते लाल काऊन दाखवून राह्यली?"

"माझंच चुकत असेल."

तिनं माझ्याकडे बघितलं ते मला अजून सहन होत नाही. त्या रात्रीपासून गणित करताना तिनं "आलं का बरोबर" विचारणं बंद केलं. मशीन नुसती चालत राहायची.

आता शाळेची एक पद्धत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या शाळेत पाहुणा आला की शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पोहे आणि डेमो. डेमो म्हणजे टॅब पाहुण्याच्या हातात देऊन त्याला दोन-चार गणितं सोडवायला लावायची. टॅब आले तेव्हापासून पाहुण्यांना ऊत आला होता, बहुतेक शनिवारी. नगरसेवक आले, बँकेचे साहेब आले, संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांचे व्याही आले, व्याह्यांचे मित्र आले. टॅबचं कपाट चोरीच्या भीतीनं सरांच्या केबिनमध्ये. मुली पासवर्ड विसरतात, तास वाया जातो, म्हणून ऑफिसातल्या बाबूनं प्रत्येक टॅब एकेका मुलीच्या नावानं कायमचा उघडा करून ठेवला होता आणि मागे हजेरीपटावरचा नंबर चिकटवला होता. वरच्या कप्प्यात डावीकडे पहिला टॅब, नंबर एक. सर पाहुण्यांशी बोलता बोलता हात मागे नेऊन जो पहिला लागेल तो उचलत. हजेरीपटावर पहिलं नाव माझं: अंभोरे.

हे मला कळलं ते पोह्यांचा ट्रे हातात असताना. कुठले तरी मोठे कंत्राटदार आले होते. मी आणि मंगला स्वागतगीत म्हणून झाल्यावर पोहे घेऊन आत गेलो. कंत्राटदारसाहेब खुर्चीत मागे रेलून टॅबकडे बघत होते. प्रश्न होता: पाच अष्टमांश मोठा की तीन चतुर्थांश?

"पाच मोठा ना हो," ते म्हणाले आणि बोट दाबलं. "पाच मोठा, आठ त्याहून मोठा."

"हरकत नाही, सुजाता!" टॅबवाली ताई म्हणाली. "आपण थोडं सोपं उदाहरण पाहूया का?"

केबिन हसली. साहेबांच्या मिशा हलल्या. "हे सुजाता कोन हाये बाप्पा?"

"ते असंच असतं साहेब, नमुना नाव," सर म्हणाले. "घ्या ना, आणखी एक करून बघा."

साहेबांनी आणखी सहा केली. ताई त्यांना सातवीतून पाचवीत आणि पाचवीतून तिसरीत उतरवत गेली, प्रत्येक वेळी माझ्या नावानं, प्रत्येक वेळी लाडानं. मी ट्रे धरून उभी. शेवटी आंबे आले. साहेबांनी ते बरोबर मिळवले आणि ताई म्हणाली, "शाब्बास, सुजाता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात पोहे होते.

वानखडे बाईंना मी मधल्या सुट्टीत गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या टॅबमंधी मागचं सारं दिसते का?" दिसत होतं. 'माझा प्रवास' नावाचं पान होतं, त्यावर फुलपाखरं उडायची, म्हणून ते कुणी उघडत नसे. त्यात प्रत्येक गणिताची तारीख, वेळ आणि उत्तर. तासाला बाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि आम्ही मागे मागे गेलो. माझ्या मामाचं पातूरला लग्न होतं, त्या आठवड्यात मी तीन दिवस शाळेत नव्हते. त्यातल्या एका दुपारी सुजाता अंभोरे हिनं एका बैठकीत अकरा गणितं चुकवली होती. त्या दुपारी शाळेत कोण होतं ते बाईंना पक्कं आठवत होतं, कारण शाल त्यांनाच आणायला पाठवलं होतं. "हे तू नाई," त्या म्हणाल्या. "हे अध्यक्षसाहेब हायेत." मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीनं सगळ्या तारखा उतरवून घेतल्या.

चार दिवसांनी त्यांनी संस्थेला पत्र दिलं. मुख्याध्यापकांना टाळून, थेट. की अमुक मुलीच्या नावावरची उत्तरं पाहुण्यांची आहेत, तारखा सोबत जोडल्या आहेत, विद्यार्थिनीनं स्वतः पाहिलं आहे, तरी अकोल्याच्या निवडीसाठी सर्व मुलींची कागदावर परीक्षा घ्यावी. "घाबरू नको," मला म्हणाल्या. "कोणी इचारलं त जे पाह्यलं ते सांग. बस."

मला विचारलं, ते आईसकट केबिनमध्ये बोलावून. बाईंचं पत्र टेबलावर होतं, त्यावर सरांनी काचेचा गोळा ठेवला होता. सर आईशी इतक्या मऊपणानं बोलत होते की मला टॅबवाल्या ताईची आठवण झाली. अडचण अशी होती की पत्र खरं मानलं तर संस्थेच्या अध्यक्षांना अपूर्णांक येत नाहीत हे कागदोपत्री सिद्ध होत होतं. शिवाय नगरसेवकांना भागाकार येत नाही आणि बँकेच्या साहेबांना शेकडेवारी. इतका सज्जड पुरावा महाराष्ट्रात कुठं नसेल. त्यामुळे पत्र खोटं असणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. मुलगी हुशार आहे, सर म्हणाले, हे आम्ही जाणतो. पाचाच्या जागी सहा मुली पाठवू. अध्यक्षसाहेबांचा शब्द घेतलाय मी. फक्त एक छोटा अर्ज.

अर्ज त्यांनी सांगायचा, मी लिहायचा. टॅबवरील सराव मी गांभीर्याने केला नाही. चुकीची उत्तरे माझीच आहेत. पाहुण्यांबाबत मी सांगितलेली माहिती खरी नाही.

"म्हंजे," आई म्हणाली, "चुकला साह्यब, आन् माफी माह्या पोरीनं मांगाची?"

"माफी नाही हो ताई. अर्ज."

"आन् नाई लेयला त?"

सरांनी केबिनच्या भिंतीवरच्या पडद्याकडे हात केला. पडदा बंद होता, पण लाल पट्टी आम्हा दोघींनाही दिसली.

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं ती सांगेल. तिनं लिही म्हटलं असतं तरी चाललं असतं, उठ म्हटलं असतं तरी. ती म्हणाली, "तुले जाचं हाये अकोल्याले. तुले काय वाटते थे तू सांग. म्या होय म्हनत नाई, म्या नाई म्हनत नाई." मी इतकी वर्षं या चित्रात खोडके सरांना मोठं करून बघत आले. त्यांची कुचकी मऊ भाषा, काचेचा गोळा, अध्यक्षांसाठी कपाळावर आलेला घाम. कितीदा तरी मी हा प्रसंग लोकांना त्यांच्या आवाजात करून दाखवलाय आणि लोक पोट धरून हसलेत. पण पेन माझ्यासमोर होतं आणि ते मी उचललं, तेव्हा मला कुणी धमकावत नव्हतं. मला अकोल्याला जायचं होतं.

मी तीन ओळी लिहिल्या. मग सर म्हणाले, "आणखी एक वाक्य. असे सांगण्यास वानखडे मॅडम यांनी मला प्रवृत्त केले."

माझं पेन थांबलं. बाहेर प्रार्थनेच्या मैदानावर लहान मुलींची कवायत चालली होती आणि कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. आईनं खाली बघितलं. मी ते वाक्य लिहिलं, पूर्णविराम दिला आणि सही केली.

यादी लागली, सहावं नाव माझं. संस्थेची बदनामी केल्याबद्दल वानखडे बाईंना नोटीस निघाली, आणि नव्या सत्रात त्यांना चांदूर रेल्वेच्या पुढच्या एका खेड्यातल्या आमच्याच संस्थेच्या शाळेत पाठवलं, पाचवीच्या वर्गावर. नोकरीची सहा वर्षं उरली होती. रोज जाऊन येऊन करायच्या. यंत्रं आणखी दीड वर्ष चालली, मग कंपनीचा करार संपला आणि टॅब कपाटातच राहिले. भाच्याच्या शाळेत आता नवीन आलेत. त्यांतली ताई मुलांशी वऱ्हाडीत बोलते म्हणे. ऐकून मला कौतुक वाटलं नाही.

अकोल्याला जायच्या दिवशी स्टँडवर मी ट्रंकेवर बसले होते. आई गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायला गेली होती. बाई समोरून आल्या. हातात डबा, खांद्याला पिशवी, शाळेत यायच्या तशाच. मला पळून जावंसं वाटलं, पण ट्रंक सोडून कुठं जाणार. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"निघाली?"

"हो बाई."

"अकोल्याले ऊन लय असते. पानी पेत जाय."

त्या समोरच्या गाड्यांकडे बघत होत्या. मी मनात शब्द जुळवत होते. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं, मी लहान होते, आईनं काही म्हटलं नाही.

"तुहा अर्ज मले दाखोला सरानं," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. वही तपासून परत देताना बोलायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "म्या नीट वाचला. एकबी खाडाखोड नव्हती त्याच्यात."

तेवढ्यात चांदूर रेल्वेची गाडी लागली. त्यांनी डबा उचलला आणि गर्दीतून पुढं जाऊन खिडकीजवळ बसल्या. गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. त्या पिशवीतून पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा काढून तपासायला लागल्या होत्या.